पीळदार दंडाचा पीळ कुठे असतो?

कोट्यवधी रुपयांच्या एका इंजेक्शनसाठी मदतीचे आवाहन करणारे संदेश अधूनमधून मोबाइलवर येतात आणि त्यांत ‘ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी’ या स्नायूंच्या आजाराचे नाव अलीकडे वरचेवर दिसते. संदेशात लहान मुलाचे छायाचित्र असते, बँकेचा खाते क्रमांक असतो, आणि आजाराविषयी एवढेच लिहिलेले असते की या मुलाच्या शरीरात एक प्रथिन तयार होत नाही. ते प्रथिन करते काय, ते नसल्यामुळे जन्मतः धडधाकट दिसणारे मूल दहा-बारा वर्षांचे होईपर्यंत चाकाच्या खुर्चीवर का येते, आणि ते बाहेरून देणे इतके अवघड का आहे, याचा उलगडा मात्र त्यातून होत नाही. नागपूरच्या धरमपेठेतल्या एका निवृत्त शिक्षकांनी मला हे विचारले तेव्हा त्यांनी उत्तरही स्वतःच सुचवले होते : “म्हणजे त्या मुलाच्या स्नायूंत ताकदच तयार होत नाही, असेच ना?” बहुतेकांची समजूत अशीच असते. प्रत्यक्षात ताकद तयार होते. अडचण येते ती पोहोचवण्यात. स्नायूच्या आत निर्माण झालेली ओढ हाडापर्यंत कोणत्या वाटेने जाते, हे एकदा कळले की या आजाराचे बहुतेक कोडे सुटते.

आखूड धाग्यांचे लांब सूत

विदर्भातल्या वाचकाला ही वाट समजावून सांगायला कापसाइतके चांगले साधन नाही. कापसाचा एकेक तंतू जेमतेम इंच-सव्वा इंच लांबीचा असतो, आणि त्यापासून काढलेले सूत मात्र मैलोगणती लांब असू शकते. त्या सुताच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारा एकही तंतू त्यात नसतो. तरीही एक टोक ओढले की दुसऱ्या टोकाला ओढ जाणवते, कारण पिळामुळे तंतू एकमेकांवर दाबले जातात आणि प्रत्येक तंतू आपल्यावरची ओढ संपण्यापूर्वी शेजाऱ्याच्या हवाली करतो. हातातला पेळू (पिंजलेल्या कापसाची सैल वळी) दोन बोटांत धरून सहज तोडता येतो. तोच पिळला की तुटत नाही. तंतू तेच असतात, फक्त त्यांनी एकमेकांना धरलेले असते. जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात सुरू केलेल्या एम्प्रेस मिलमधल्या चात्या याच तत्त्वावर फिरत होत्या, आणि घरी टकळीवर सूत काढणारी आजीही तेच करत होती.

स्नायूचे बरेचसे असेच आहे. मांडी घालून बसताना कामी येणारा, कमरेपासून गुडघ्याच्या आतल्या बाजूपर्यंत तिरका जाणारा एक स्नायू आहे. तो माणसाच्या शरीरातला सर्वांत लांब स्नायू मानला जातो. त्याच्यातल्या पेशी लांबलचक दोऱ्यांसारख्या असतात, म्हणून त्यांना स्नायुतंतू म्हणतात. पण या दोऱ्यांपैकी कित्येक कमरेपासून गुडघ्यापर्यंत पोहोचतच नाहीत, मध्येच निमुळते होत संपतात. ज्या तंतूचे टोक कोणत्याही हाडाला किंवा कंडरेला (म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या चिवट दोरीला) लागलेले नाही, तो आकसला तर त्याची ओढ जाणार कुठे? ती बाजूने जाते. शेजारच्या तंतूकडे, त्याच्याकडून पुढच्याकडे. कमावलेल्या शरीराला आपण मराठीत ‘पीळदार’ म्हणतो ते त्याच्या दिसण्यावरून, पण शब्द अनवधानाने फार बरोबर पडलेला आहे.

ओढ निर्माण होते कशी

एका स्नायुतंतूत शेकडो बारीक दोऱ्या एकमेकींना लागून उभ्या असतात, आणि प्रत्येक दोरी म्हणजे एकसारख्या छोट्या खणांची लांब रांग असते. या खणाला सार्कोमिअर म्हणतात. त्याची लांबी साधारण दोन ते अडीच मायक्रोमीटर, म्हणजे एका मिलिमीटरमध्ये चारशे ते पाचशे खण बसतील एवढी असते. प्रत्येक खणाच्या दोन्ही बाजूंना एकेक भिंत असते. भिंतींपासून आतल्या बाजूला बारीक दांड्या आलेल्या असतात, आणि मधल्या जाड दांड्या त्यांना हात मारून आत ओढतात. दांड्या स्वतः आखूड होत नाहीत, एकमेकींवरून सरकतात. त्यामुळे भिंती जवळ येतात आणि स्नायू आकसतो. १९५४ साली अँड्र्यू हक्सली आणि ह्यू हक्सली यांनी आपापल्या सहकाऱ्यांबरोबर, स्वतंत्रपणे, ही यंत्रणा मांडली. (आडनाव एकच असले तरी त्यांचे नाते काही नव्हते.)

शाळेच्या पुस्तकात गोष्ट साधारण इथे संपते : खण आकसले, रांग आकसली, टोकाला बांधलेली कंडरा ओढली गेली, हाड हलले. दहा सेंटिमीटर लांबीच्या तंतूत असे चाळीस-पंचेचाळीस हजार खण एकामागे एक असतात. ही केवळ साखळी असती, तर एक कडी निकामी होताच त्या रांगेतल्या उरलेल्या हजारो कड्यांची मेहनत वाया गेली असती, आणि स्नायूत रोज कुठे ना कुठे एखादी कडी दुखावली जातच असते. म्हणजे आडवी वाट असल्याशिवाय हे जमण्यासारखे नव्हते.

ती वाट खरोखर आहे, हे सिबिल स्ट्रीट या संशोधिकेने १९८३ मध्ये बेडकाच्या स्नायूवर दाखवले. तिने एक स्नायुतंतू निम्म्या लांबीपर्यंत शेजाऱ्यांपासून सोडवून मोकळा केला आणि उरलेला अर्धा भाग इतर तंतूंच्या वेढ्यात तसाच ठेवला. मग त्या तंतूचे वेढ्यातले टोक न धरता, केवळ भोवतालचे तंतू धरून ठेवले आणि त्याला आकसायला लावले. टोक धरल्यावर जेवढी ओढ मोजली जाते, जवळजवळ तेवढीच ओढ या वेळीही मिळाली.

पेशीच्या बरगड्या

त्याच १९८३ साली जोस पार्डो, जेनेट सिलिसियानो आणि सुझन क्रेग यांनी या आडव्या वाटेची ठाणी शोधली. स्नायुतंतूच्या आवरणाच्या आतल्या बाजूला, नेमके खणांच्या भिंतींच्या रेषेत, ठरावीक अंतरावर प्रथिनांचे पट्टे बसवलेले त्यांना दिसले. छातीच्या पिंजऱ्यासारखे दिसणारे हे पट्टे म्हणून, बरगडी या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून, त्यांनी नाव ठेवले कॉस्टामिअर. या लेखातला हा एवढाच अवघड शब्द लक्षात ठेवावा.

त्यांची गरज का पडते हे आवरणाकडे पाहिल्यावर कळते. पेशीचे आवरण म्हणजे तेलासारख्या रेणूंचा अतिशय पातळ दुपदरी थर. मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यांतले पाच-सात भाग एवढीच त्याची जाडी, आणि त्याचे क्षेत्रफळ तीन-चार टक्क्यांहून अधिक ताणले तर तो फाटतो. आत प्रचंड ओढाताण चालू आहे, बाहेर स्नायूला बांधून ठेवणारे चिवट जाळे आहे, आणि मध्ये हा साबणाच्या फुग्यासारखा पडदा आहे. ओढ आतून बाहेर न्यायची, पण पडद्यावर भार येऊ द्यायचा नाही, असे हे काम आहे. कापडी तंबूला दोर बांधायचा असतो तेव्हा आपण तो कापडाला भोक पाडून बांधत नाही. तिथे चामड्याचा तुकडा शिवतो, त्यात धातूची कडी बसवतो आणि दोर त्या कडीत अडकवतो. कॉस्टामिअर ही तशी कडी आहे, फक्त दोन्ही बाजूंनी दोर असलेली.

आतल्या बाजूने पाहत गेले तर क्रम असा लागतो. खणांच्या भिंतींना एकमेकींशी आणि आवरणाशी बांधणारी डेस्मिन नावाच्या प्रथिनाची दोरी आहे. आवरणाच्या लगत बारीक दांड्यांची एक जाळी आहे, आणि त्या जाळीला एका हाताने धरून दुसऱ्या हाताने आवरणातल्या कडीला धरणारे एक लांबुळके प्रथिन आहे, ते डिस्ट्रॉफिन. ती कडी आवरणाच्या आरपार गेलेली असते आणि तिच्या बाहेरच्या टोकाला लॅमिनिन नावाचे प्रथिन चिकटते, जे स्वतः बाहेरच्या जाळ्यात गुंतलेले असते. ड्युशेनच्या मुलांत तयार होत नाही ते हेच डिस्ट्रॉफिन.

शेजारी आणखी एक जोडणी असते, आणि मला स्वतःला ती सर्वांत विलक्षण वाटते. तिच्यातले टॅलिन नावाचे प्रथिन गुंडाळी करून ठेवलेल्या दोरीसारखे असते. त्याच्यावर ओढ आली की गुंडाळीचे काही वेढे सुटतात, आत दडलेल्या जागा उघड्या पडतात आणि तिथे व्हिन्क्युलिन नावाचे मदतनीस प्रथिन येऊन बसते, त्यामुळे जोडणी अधिक भक्कम होते. एकेक रेणू चिमटीत धरून ताणण्याच्या प्रयोगात २००९ मध्ये हे प्रत्यक्ष दिसले. गुराच्या दाव्याची सरकगाठ जितकी ओढावी तितकी आवळत जाते, त्यातला हा प्रकार. पेशीला आपल्यावर किती भार येतो आहे हे कळण्याचा हाही एक मार्ग आहे, म्हणजे कॉस्टामिअर भार वाहतो आणि त्याची वर्दीही देतो.

डिस्ट्रॉफिन नसते तेव्हा

डिस्ट्रॉफिनला पुष्कळदा ‘शॉक अब्सॉर्बर’ म्हटले जाते. मला ही उपमा अपुरी वाटते, कारण शॉक अब्सॉर्बर धक्का जिरवून टाकतो, आणि इथे धक्का सौम्य करण्याबरोबरच ओढ पुढेही पोहोचवायची असते. ते नसले की दोन्ही गोष्टी बिघडतात. डिस्ट्रॉफिन नसलेल्या उंदरांच्या स्नायूत ओढीचे आडवे वहन लक्षणीय घटते, हे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात मोजले गेले. त्याच प्रयोगात ‘रॅट’ जातीच्या अतिवृद्ध मोठ्या उंदरांच्या स्नायूतही तशीच घट दिसली, तेव्हा म्हातारपणच्या अशक्तपणाचे सगळे खापर स्नायू बारीक होण्यावर फोडता येणार नाही.

आवरणाचे काय होते हे १९९३ च्या एका प्रयोगातून कळले. शाबूत पेशीत शिरू न शकणारा एक रंग स्नायूभोवती ठेवला आणि स्नायूला आकसत असतानाच ताणले. डिस्ट्रॉफिन नसलेल्या उंदरांच्या कितीतरी अधिक तंतूंत रंग शिरला. (तो रंग नारिंगी होता, संत्र्यांच्या गावातल्या वाचकाला हे सांगितल्यावाचून राहवत नाही.) जिथून रंग आत शिरतो तिथून कॅल्शियमही शिरते आणि पेशी आतून पोखरली जाते. शरीर तिची डागडुजी करते, नवे तंतू उभे करते, पण त्यांतही डिस्ट्रॉफिन नसतेच. काही वर्षांनी दुरुस्तीची क्षमता कमी पडते आणि स्नायूच्या जागी चरबी व व्रणासारखा कडक भाग साचतो. पोटऱ्या फुगलेल्या, वरवर दणकट दिसतात आणि आत तंतू घटत असतात. हृदयाच्या पेशींतही हेच प्रथिन लागते, म्हणून पुढे हृदयही कमकुवत होते.

इतके थोडे प्रथिन, आणि एवढा फरक?

ही शंका रास्त आहे. स्नायूतल्या एकूण प्रथिनांत डिस्ट्रॉफिनचा वाटा ०.००२ टक्के इतका नगण्य असतो, म्हणजे एक लाख भागांत दोन भाग. पण बंडीचे चाक आसावरून निसटू नये म्हणून घातलेली खीळही बंडीच्या वजनाच्या मानाने नगण्यच असते. वजन लाकडाचे असते. खिळीचे महत्त्व तिच्या जागेमुळे.

मग व्यायामाने स्नायू बळकट का करू नयेत?

रामटेकचा गड पायऱ्यांनी चढून उतरलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी मांड्या दुखतात. चढताना दम लागतो, पण हे दुखणे बहुतांशी उतरण्याचे असते, कारण उतरताना मांडीचा स्नायू भार पेलत असतानाच लांबत जातो आणि तेव्हा जोडण्यांवर सर्वाधिक ताण येतो. आपल्या शरीरात ही बारीक इजा दोन-चार दिवसांत भरून निघते आणि जोडणी पूर्वीपेक्षा पक्की होते. ज्या मुलाकडे कडीच नाही, त्याच्या बाबतीत तोच ताण भरून निघण्यापेक्षा जास्त नुकसान करतो. म्हणून या मुलांना सांधे आखडू नयेत यासाठीचे हलके व्यायाम डॉक्टर व फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली दिले जातात, आणि वजने उचलणे, उड्या मारणे, जिने वारंवार उतरणे टाळायला सांगितले जाते. ‘मूल आळशी आहे, पळवा म्हणजे सुधारेल’ हा नातेवाइकांचा सल्ला कितीही मायेचा असला तरी अपायकारक आहे.

प्रथिनाची पावडर देऊन काही होईल का, याचे उत्तर एका वाक्यात देता येते : खाल्लेले कोणतेही प्रथिन पोटात व आतड्यांत सुटे होऊन जाते, आणि त्या सुट्या भागांतून कोणते प्रथिन घडवायचे हे पेशीतला जनुक ठरवतो.

चूक नेमकी कुठे झालेली असते

डिस्ट्रॉफिनचा जनुक, म्हणजे ते घडवण्याची लेखी कृती, माणसातल्या सर्वांत लांब जनुकांपैकी एक आहे. तिची लांबी सुमारे २२ लाख अक्षरे असून एकदा पूर्ण नक्कल करायला पेशीला जवळपास १६ तास लागतात. मात्र प्रत्यक्ष कामाची अक्षरे ११ हजारांच्या आसपास आहेत आणि ती ७९ तुकड्यांत विखुरलेली आहेत. या ७९ वरूनच ड्युशेन जागृती दिन ७ सप्टेंबरला पाळला जातो.

पेशी ही कृती तीन-तीन अक्षरांचे गट करून वाचते. समजा वाक्य आहे : ‘मदन सकाळी शेतात कापूस वेचत बसला’. प्रत्येक शब्द तीन अक्षरांचा आहे. यातला ‘सकाळी’ हा पूर्ण शब्द गळला तर उरते ‘मदन शेतात कापूस वेचत बसला’. माहिती थोडी कमी झाली, अर्थ शाबूत राहिला. पण फक्त ‘स’ गळला आणि पेशी तीन-तीनच वाचत गेली, तर उरते ‘मदन काळीशे तातका पूसवे चतब सला’. पहिल्या प्रकारात आखूड पण काम करणारे डिस्ट्रॉफिन तयार होते आणि बेकर नावाचा तुलनेने सौम्य आजार होतो. दुसऱ्या प्रकारात काहीच धड तयार होत नाही, तो ड्युशेन. एका औषधप्रकारात तर उरलेले ‘काळी’देखील मुद्दाम झाकले जाते, म्हणजे पुढचे वाक्य पुन्हा वाचण्याजोगे होते. असे पहिले औषध अमेरिकेत २०१६ मध्ये मंजूर झाले, परंतु ज्यांची चूक त्या विशिष्ट जागी आहे अशा थोड्याच मुलांना ते लागू पडते.

हा जनुक एक्स गुणसूत्रावर आहे. मुलाकडे एकच एक्स असतो, म्हणून आजार बहुतांशी मुलग्यांना होतो. जन्मणाऱ्या सुमारे साडेतीन ते पाच हजार मुलग्यांमागे एकाला. मुलाला तो एक्स आईकडून मिळतो एवढ्यावरून घरोघरी आईला बोल लावला जातो. जवळपास एक तृतीयांश प्रकरणांत मात्र ही चूक नव्यानेच घडलेली असते, आणि उरलेल्यांतही आईने ती निवडलेली नसते.

कोट्यवधींचे इंजेक्शन काय करते

जनुकाची प्रत पेशीत पोहोचवण्यासाठी एका निरुपद्रवी विषाणूचे कवच वापरतात. त्या कवचात ४,७०० च्या आसपास अक्षरे मावतात आणि आपल्याला तर ११ हजार न्यायची आहेत. वाट काढता आली ती एका माणसामुळे : या जनुकाचा ४६ टक्के भाग जन्मतः गळालेला असूनही एक रुग्ण ६१ व्या वर्षी चालत होता, असे १९९० मध्ये नोंदवले गेले. डिस्ट्रॉफिनचा मधला भाग पुष्कळ छाटला तरी दोन्ही टोकांचे हात शाबूत असले की पकड राहते, हे त्यावरून दिसले. तसे छाटलेले डिस्ट्रॉफिन घडवणारे ‘एलेव्हिडिस’ हे औषध अमेरिकेत जून २०२३ मध्ये चार व पाच वर्षांच्या मुलांसाठी मंजूर झाले. किंमत ३२ लाख डॉलर, तेव्हाच्या दराने सुमारे २६ कोटी रुपये. आपल्याकडच्या २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणात ड्युशेनचा समावेश आहे आणि ठरवून दिलेल्या केंद्रांमार्फत ५० लाख रुपयांपर्यंत साहाय्याची तरतूद आहे. दोन आकडे शेजारी ठेवले की मोबाइलवरची आवाहने का येतात ते कळते.

पैसे उभे राहिले तरी पुढचा प्रश्न उरतो. औषधाने छोटे डिस्ट्रॉफिन स्नायूत तयार होते हे खरे, पण मोठ्या चाचणीत मुलांच्या हालचालीतील सुधारणेचे ठरवलेले मुख्य उद्दिष्ट गाठले गेले नाही, आणि २०२५ मध्ये चालणे थांबलेल्या दोन मुलांचा हे औषध घेतल्यानंतर यकृत निकामी होऊन मृत्यू झाला. स्नायूच्या जागी आधीच चरबी साचली असेल, तर नवी कडी बसवायला कापडच शिल्लक नसते. म्हणून ‘हे इंजेक्शन मिळाले की मूल बरे होईल’ असे ज्या संदेशात लिहिलेले असते, त्यातले हे वाक्य चुकीचे आहे. स्टेरॉइड औषधे चालण्याची क्षमता काही वर्षे टिकवतात, हृदय व श्वसनाची वेळेवर काळजी घेतल्याने आयुष्य वाढते, आणि आजही बहुतेक मुलांना प्रत्यक्ष उपयोग होतो तो याच साध्या उपायांचा.

यकृताचा अहवाल आणि स्नायूचा आजार

हे उपाय लवकर सुरू व्हावेत यासाठी निदान लवकर व्हावे लागते, आणि तिथे एक ठरावीक घोटाळा होतो. मूल उशिरा चालू लागते, जिना चढताना कठडा धरते, जमिनीवरून उठताना स्वतःच्याच गुडघ्यांवर आणि मांड्यांवर हात टेकत, जणू स्वतःच्या अंगावर चढत उभे राहते. कधी तापाच्या निमित्ताने रक्त तपासले जाते आणि एसजीओटी, एसजीपीटी वाढलेले निघतात. हे आकडे यकृताचे म्हणून ओळखले जातात, त्यामुळे कावीळ समजून पथ्य सुरू होते, सोनोग्राफी होते, महिने जातात. पण ही विकरे (एन्झाइम) स्नायूंतही असतात, आणि फाटलेल्या आवरणातून तीही रक्तात गळतात. अशा मुलग्याच्या बाबतीत डॉक्टरांना क्रिएटिन कायनेज, म्हणजे प्रयोगशाळेच्या कागदावर ‘सीपीके’ लिहिलेली तपासणी करावी का, असे पालकांनी अवश्य विचारावे. निरोगी मुलात हा आकडा साधारण शेकड्यांत असतो. ड्युशेनमध्ये तो पुष्कळदा दहा हजारांच्या पलीकडे जातो, आणि तोही मूल अजून व्यवस्थित चालत-पळत असतानाच.